नानीबाईची रसद

वारंगा फाट्यापासून कोसभर आत जो लमाणांचा तांडा आहे, तिथे नानीबाईच्या हातची गोणी कोणी बैलावर घालत नाही. गोणी चांगली असते. टाका इतका दाट की राळ्याचा दाणाही निसटणार नाही. तरी घालत नाहीत. ही शिक्षा तिला तांड्याच्या नायकाने दिली आणि तिने ती मान खाली न घालता घेतली. का दिली हे सांगायचं तर आधी एका शब्दाबद्दल सांगावं लागेल. तो शब्द म्हणजे रसद.

फाट्यावर गुलाम नबी नावाचा नालबंद आहे. बैलांना नाल ठोकतो. त्याचा बाप कळमनुरीच्या कचेरीत मुन्शी होता, म्हणून त्याला फारसी येते, पण पोट भरतं ते नालांवर. त्याने मला समजावून सांगितलं की फारसीत 'रसीदन' म्हणजे पोचणं. फौजेपर्यंत जे पोचतं ते रसद. कचेरीतली रसीद त्याच घरची, ती पोचल्याची खूण. "लोक म्हणतात फौज तलवारीवर चालते," तो म्हणाला, "तलवार भुकेल्या हातात किती दिवस राहते, ते कोणी विचारत नाही."

तांड्याला फारसी येत नव्हती, पण हा शब्द येत होता. लमाणांच्या वाडवडिलांनी हजार हजार बैलांवर धान्य आणि मीठ लादून फौजांमागे वाटा तुडवल्या. मोगलांची फौज असो की मराठ्यांची, लमाणाचा तांडा दोन्हींकडे जाई, आणि त्याच्या बैलाला दोन्हींकडचा शिपाई हात लावत नसे, अशी तांड्याची आठवण आहे. त्या बदल्यात लमाणाने एकच इमान पाळायचं. गोणीत जेवढं भरलं तेवढं उतरवायचं. तांड्यात खुनाला दंड होता, पण रसद चोरणाऱ्याचं तर मेल्यावर नावही घ्यायचं नाही, असा नेम होता.

नानीबाई लग्न होऊन या तांड्यात आली ती एकोणीसशे तीस सालानंतर दोन-चार वर्षांनी. तोवर रेल्वे हिंगोलीला येऊन वीस वर्षं झाली होती आणि बैलांचे तांडे बसले होते. लोक माळरानावर ज्वारी पेरू लागले होते. रसद हा शब्दही बसला होता. निजामाचा कोणी अंमलदार दौऱ्यावर आला की गावांनी त्याला फुकट कोंबड्या, दूध, सरपण आणि वैरण पुरवायची, त्यालाच आता रसद म्हणत. पाटलाचा माणूस येऊन सांगे, "रसद द्या," आणि बाया कोंबड्यांचे पाय बांधत. नानीबाईची सासू म्हणे, आमी फौजा पोसल्या, आन् आता हे बघा, एका माणसाच्या पोटाला रसद म्हन्तेत.

नानीबाईचा नवरा थावरा याने मात्र लादणीचे बारा बैल ठेवले होते. कळमनुरीकडच्या डोंगरपट्ट्यात गाडी चढत नाही, तिथे कोळसा, डिंक आणि मोहाची फुलं बैलांवरच उतरवावी लागत. गोण्या नानीबाई शिवायची. लमाणी गोणीचं माप ठरलेलं होतं. एका गोणीत बारा पायल्या ज्वारी, एका बैलावर दोन गोण्या. मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, व्यापारीही तांड्याची गोणी कधी मोजून घेत नसे. नुसत्या गोण्या मोजायचा आणि पुढे जायचा.

सत्तेचाळीस साली दिवाळीनंतर डोंगरावरच्या पडक्या गढीत एक हत्यारी टोळी येऊन राहिली. त्या साली निजामाच्या मुलुखात अशा टोळ्या बऱ्याच झाल्या होत्या. चाळीस-पंचेचाळीस माणसं, बंदुका, आणि वर एक जमादार. त्यांना धान्य पुरवायचा मक्ता घेतला माणिकरावाने. माणिकराव शेजारच्या गावचा मोठा कास्तकार. त्याच्या वाड्यामागे तीन पेवं होती, म्हणजे जमिनीत खोल खणून आतून लिंपलेल्या धान्याच्या विहिरीच. टोळी गावं लुटी, पण माणिकरावाच्या खळ्याकडे बघत नसे. धान्य गढीवर चढवायला बैल पाहिजेत, म्हणून त्याने थावराला बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

मार्गशीर्षात एका खेपेला दोन गोण्या कमी भरल्या. थावराने चोवीस लादल्या होत्या, असं माणिकरावाच्या चिठ्ठीत होतं. खरं तर त्याच्या बैलांवर बावीसच घातल्या होत्या. बाकीच्या दोन माणिकरावाच्या गाडीतून त्याच्या जावयाच्या गावी गेल्या होत्या, आणि ते नालबंदाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पण बंदुकांच्या भीतीने तो पुढे आला नाही. जमादाराने माणिकरावाला गढीवर बोलावून विचारलं. माणिकराव थावराकडे बोट करून म्हणाला, "लमाणाची जात, साहेब. वाटेत उतरवल्या असतील."

थावराला त्याच्याच लादणीच्या दोराने गढीच्या दारातल्या चिंचेला बांधलं आणि मारलं. मारणाऱ्यांनी त्याच्याकडून 'मी रसद चोरली' असं वदवून घ्यायचा प्रयत्न केला. तो म्हणाला नाही. बैलांनी त्याला घरी आणलं आणि तिसऱ्या दिवशी तो मेला.

मेल्यावर जे झालं ते नानीबाईला मारापेक्षा जास्त लागलं. नायक उत्तमसिंग हा थावराचा चुलतभाऊ, वयाने मोठा, सरळ माणूस. त्याने तेराव्याला थावराचं नाव घेतलं नाही. थावराने चोरी केली असं त्याला वाटत नव्हतं. पण आरोप झाला होता आणि तो खोटा ठरला नव्हता. नेम तो नेम. फाट्यावर माणिकरावाच्या गड्यांनी तिला पाहिलं की ते आपसात म्हणत, ती बघ रसदचोराची बायको. एकदा एकाने तिला विचारलंच, काहून गं, दोन गोण्या कुठं पुरल्या? चुलीखाली का?

ती तशीच घरी आली आणि थावराचे बैल सोडून चारायला घेऊन गेली. त्या दिवसापासून तिला माणिकराव रसदचोर याच नावाने मरायला हवा होता, नाहीतर याच नावाने जगायला. दुसरं काही नको. गुलाम नबीने तिला सुचवलं होतं की पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात निजामाविरुद्ध लढणाऱ्यांची ठाणी आहेत, त्यांना गढीची खबर दे, ते बघून घेतील. ती म्हणाली, "ते गोळी घालतील, चाचा. गोळीनं मानूस हुतात्मा बी होतो. मला त्याला चोर करायचाय."

संधी माणिकरावानेच आणून दिली. पौषात त्याने तांड्याला सांगितलं की पावसाळ्याचे चार महिने चिखलात बैलही गढीवर चढणार नाहीत, तेव्हा चौमासाची सगळी बेगमी आधीच वर नेऊन ठेवायची. नव्या गोण्या शिवा, एकशे साठ. तरटाचं कापड त्याने दिलं. पेवातून ज्वारी काढायची, गोण्यांत भरायची, गढीच्या कोठारात थप्पी लावायची. विधवेने उपाशी राहू नये म्हणून काम तुलाच देतो, असंही नानीबाईला म्हणाला. दोन गोण्यांसाठी माणूस मारणाऱ्यांना गोणी स्वतः लहान असू शकते, हे सुचलंच नाही. लमाणाची गोणी म्हणजे बारा पायल्या. हे पिढ्यान्‌पिढ्या असंच होतं, जसं बैलाला चार पाय असतात.

नानीबाईने गोणीची उंची तेवढीच ठेवली. फक्त घेर कमी केला. कापड कापलं नाही, कारण कापलेला तुकडा कोणाच्या तरी डोळ्यात आला असता. तिने ते शिवणीत आत दुमडलं आणि वरून दुहेरी टाका मारला, म्हणजे तो मजबुतीसाठी आहे असं वाटावं. पहिल्या वीस गोण्यांत दोन बोटं, पुढच्या विसांत तीन, असं करत शेवटी घेराचा सहावा हिस्सा आत गेला. मी कागदावर हिशेब करून पाहिला. उंची तीच ठेवून घेर सहावा हिस्सा कमी केला, तर आतला माल जवळजवळ तिसरा हिस्सा कमी होतो. डोळा उंची पाहतो आणि फसतो. नानीबाईला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिने पंधरा वर्षं गोण्या शिवल्या होत्या, एवढंच. बारा पायल्यांच्या गोणीत आठ पायल्या आणि वर दोन मुठी बसू लागल्या.

राहिलेलं धान्य कुठे गेलं, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. ते कुठेच गेलं नाही. ते माणिकरावाच्या पेवातच राहिलं. पेवाचा तळ वरून दिसत नाही, आणि आत उतरून भरायची ती नानीबाईच. किती काढलं ते गोण्यांवरून समजायचं. माणिकराव ओट्यावर बसून गोण्या मोजायचा आणि पेवात किती उरलं ते मनात वजा करायचा. त्याच्या मनातलं पेव रिकामं होत गेलं आणि जमिनीतल्यात ज्वारी शिल्लक राहिली. तिला नेमकं हेच हवं होतं.

हे उत्तमसिंगाने ओळखलं, आणि तेही गोणीवरून नाही. फाल्गुनात तो एकदा बैलांबरोबर गढीवर चढला. अर्ध्या चढावर जिथे बैल नेहमी थांबून धापा टाकतात, तिथे ते थांबले नाहीत. त्याने एका बैलाच्या नाकपुडीसमोर तळहात धरला. मग गोणी खांद्यावर उचलून पाहिली आणि परत ठेवली. खाली आल्यावर त्याने नानीबाईला विहिरीवर गाठलं. ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी राहिली.

"किती कमी?" त्याने विचारलं.

"चार पायल्या. कवा कवा साडेतीन."

"आपल्या तांड्यानं कवा मापात खोट केली न्हाई, नानी."

"न्हाई केली."

"थावरानं जे केलं नव्हतं, ते तू केलंस."

"व्हय," ती म्हणाली. "त्याच्या नावावर खोटंच लावलं हुतं. म्यां ते खरं केलं. आता चोर कोन हाये ते तुमाला ठावं झालं, नायक. तवा त्याचं नाव घ्या."

उत्तमसिंग विहिरीच्या काठावर बसला. त्याला माणिकरावाकडे जाऊन सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर तांडा जळाला असता, हे एक. आणि दुसरं, त्याचाही भाऊच गेला होता. शेवटी त्याने विचारलं की हे कळल्यावर गढीवाले पहिल्यांदा कोणाकडे येतील. ती म्हणाली, आपल्याकडं. म्हनून आपुन हितं नसावं.

पाय थांबले तरी तांड्याची एक गोष्ट अंगात राहते. लमाणाला निघायला अर्धा दिवस पुरतो. वैशाखात गढीवर शेवटची थप्पी लागली. ज्येष्ठात मृग लागायच्या तोंडावर, पैनगंगेला अजून गुडघाभर पाणी होतं तेव्हा, बत्तीस घरांचा तांडा शेळ्या-बैलांसकट पलीकडे वऱ्हाडात उतरला. माणिकरावाला सांगितलं की पलीकडे नात्यात लग्न आहे. मग नदीला पूर आला आणि वाट बंद झाली. नानीबाई पलीकडच्या काठावर बसून पाण्याकडे बघे. लोकांना वाटे तिला घर आठवतंय. ती दिवस मोजत होती. पंचेचाळीस माणसं, माणशी रोज शेरभर ज्वारी. कधी संपेल ते तिला माहीत होतं.

पुढचं गुलाम नबीने पाहिलं. पूर ओसरल्यावर त्याने येऊन नानीबाईला सगळं सांगितलं, आणि मलाही त्याने तसंच सांगितलं.

श्रावणाच्या अखेरीला गढीवरच्या थप्प्या संपत आल्या, तेव्हा जमादाराने शेवटची गोणी ओतून मोजायला लावली. आठ पायल्या. दुसरी ओतली. तीही आठ. तो भर दुपारी बारा माणसं घेऊन चिखल तुडवत माणिकरावाच्या वाड्यावर आला. नालबंद तेव्हा माणिकरावाच्याच बैलाला नाल ठोकत होता, त्याला उठायलाही वेळ मिळाला नाही. माणिकराव म्हणाला, लमाणांनी वाटेत काढलं असेल. जमादार म्हणाला, शिवण कुठे उसवलेली नाही. मग माणिकराव शपथेवर म्हणाला की माझ्याकडे दाणाही नाही, पेवं रिकामी आहेत, पाहिजे तर उघडून बघा. तो खरंच बोलत होता. त्याला तसंच वाटत होतं.

पेवाचं तोंड उघडलं. काठी सोडली ती तळ लागायच्या आधीच ज्वारीत रुतली.

दुसऱ्या पेवातही तसंच. गुलाम नबी सांगतो की त्या वेळी माणिकरावाचा चेहरा पाहण्यासारखा होता. खोटं पकडलं गेलेल्या माणसाचा तो चेहराच नव्हता, पण जमादाराला त्यातला फरक काय कळणार. माणिकराव पुन्हा पुन्हा एकच बोलत होता, हे कुठून आलं, हे कुठून आलं. जमादाराचा एक माणूस हसला. जमादार नाही हसला. तो म्हणाला, "रसदचोर. उतर खाली आणि किती आहे ते मोज."

पेव उघडलं की ते आधी दिवसभर श्वास घ्यायला सोडतात, मग कंदील सोडून बघतात. आतली वाफ माणूस मारते. माणिकरावाला हे माहीत होतं. गुलाम नबीनेही पुढे होऊन जमादाराला सांगितलं, तर त्याला बंदुकीच्या दस्त्याने मागे सारलं. माणिकरावाच्या कमरेला दोर बांधून त्याला उतरवलं. त्याने पाच-सहा वेळा खोकल्याचा आवाज केला आणि मग दोर ढिला पडला. वर ओढला तेव्हा तो निळा पडला होता. टोळीने दोन दिवस त्याच्याच बैलांवर, त्याच्याच गड्यांकडून, पेवं उपसून नेली. बैल परत आले नाहीत.

माणिकराव मेला नाही. भाद्रपदात हिंदुस्थानची फौज निजामाच्या मुलुखात शिरली, पाच दिवसांत राज्य संपलं, टोळी बंदुका टाकून पांगली. जमादार कुठे गेला ते कोणाला माहीत नाही. माणिकराव वाड्याच्या ओट्यावर बसून राहिला. उजवी बाजू लुळी, बोलणं अडखळत. पण समजायचं सगळं. आणि गावात त्याला काय म्हणायचे, तेही त्याला ऐकू यायचं.

तांडा आश्विनात परत आला. उत्तमसिंगाने पहिलं काम केलं ते थावराचं. सगळ्यांना बसवलं आणि मोठ्याने त्याचं नाव घेतलं, दोनदा. मग नानीबाईला म्हणाला की आता झालं. माणिकराव जे भोगतोय ते भोगतोय. कोणी केलं हे कोणालाच माहीत नाही, आणि माहीत होऊ नये. गोणीचं इमान मोडलं हे मोंढ्यात पसरलं तर तांड्याची गोणी पुन्हा कोणी न मोजता घेणार नाही. तू गप्प राहा, मी बी गप्प राहीन, तुझ्या हातचं काम चालू राहील.

तिने रात्रभर विचार केला असं काही नाही. तिने लगेच सांगितलं. "त्याला ठावं न्हाई तवर ते नुसतं नशीब हाये, नायक. नशिबानं थावराचा बदला घ्यावा, ह्ये मला चालत न्हाई."

उत्तमसिंगाने तिला समजावून पाहिलं, धमकी दिली, शेवटी हात जोडले. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच गेली. एकटी, हातात त्या एकशे साठांतली एक रिकामी गोणी घेऊन. ओट्यावर चार-दोन माणसं बसली होती, गुलाम नबीही होता. तिने माणिकरावासमोर ती गोणी उलटी केली आणि आत दुमडलेली शिवण एकेक टाका उसवून दाखवली. घाई केली नाही. शिवण उसवत गेली तसतशी गोणी रुंद होत गेली. माणिकरावाने पहिल्यांदा गोणीकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे.

"येकशे साठ," ती म्हणाली. "सगळ्या म्यां शिवल्या, मालक. दोन गोण्यांपायी माझा धनी मारला तुमी. त्यानं न्हाई चोरल्या. म्यां चोरल्या, आन् तुमच्याच पेवात ठेवल्या."

माणिकरावाने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. तोंडातून लाळ आली. एका म्हाताऱ्याने तिला जायला सांगितलं. ती बसून राहिली. माणिकरावाच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हाच ती उठली. गुलाम नबी तिच्यामागून फाट्यापर्यंत आला आणि म्हणाला की लुळ्या माणसाला इतकं सांगायची काय गरज होती, बेटी. तिने विचारलं, त्याला समजलं का. तो म्हणाला, हो, समजलं. "मंग बास," ती म्हणाली.

आठवड्यात गोष्ट हिंगोलीच्या मोंढ्यापर्यंत गेली. तिथे तांड्याच्या गोण्या आता ओतून मोजतात. त्यासाठी दोन-दोन तास उन्हात थांबावं लागतं, आणि थांबणाऱ्या लमाणांच्या बाया नानीबाईला शिव्या देतात. उत्तमसिंगाने पंचायत बसवून शिक्षा सांगितली. तिच्या हातची गोणी तांड्यातल्या कोणी लादायची नाही, आणि तिचं घर रांगेच्या बाहेर, ओढ्याकडे. शिक्षा ऐकून तिने विचारलं की थावराचं नाव आता घेतात ना. त्याने होकारार्थी मान हलवली.

हळदीच्या हंगामात ती कुरुंद्याला जाते, कढईवर हळद शिजवते. बाकीचे दिवस घरी बसून गोण्या शिवते. मी गेलो तेव्हा भिंतीशी तीस-एक गोण्या घडी घालून ठेवल्या होत्या. कोणी लादणार नाही, मग कशाला शिवता, असं मी विचारलं. तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि म्हणाली की बाराच्या बारा पायल्या बसतेत ह्यात, मोजून बघ. मी मोजल्या नाहीत. तिला ते आवडलं नाही. तिने माझ्याच हातात पायलीचं माप दिलं आणि कोपऱ्यातली ज्वारी दाखवली. मग मी खाली बसलो आणि एक-एक पायली ओतायला लागलो.